मिठाच्या खुंटापाशी

१

रसेल टिब्सचं प्रेत कोल्ड क्रीकच्या घळीतून वर काढायला सहा माणसांना चार तास लागले. ज्या जखमी माणसाला शोधायला तो गेला होता, तो माणूस त्या खोऱ्यात कधी नव्हताच.

साल एकोणीसशे ब्याऐंशी. अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरात एल्क या थोराड हरणाच्या शिकारीचा हंगाम ऐन भरात होता. शनिवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी शेरीफच्या कचेरीत फोन वाजला. बोलणाऱ्याने तोंडावर मफलर दाबला असावा. बाई की पुरुष तेही कळेना. फोन घेणाऱ्या मुलीने शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले.

'कोल्ड क्रीकच्या खोऱ्यात माणूस पडलाय. डावा पाय मोडलाय. वरच्या कुरणात, मिठाच्या खुंटापाशी. उजाडल्यावर या. स्ट्रेचर आणा.'

नाव न सांगताच फोन ठेवला गेला. रात्री बर्फ सुरू झालं. रविवारी उजाडता उजाडता गावच्या शोधपथकातले चौदा जण निघाले. कुणालाच पगार नव्हता, सगळे हौसेने येणारे. रसेलची बेकरी होती. पहाटेचे पाव बायकोवर सोपवून तो निघाला. दुपारी बर्फाखालच्या गुळगुळीत कातळावरून त्याचा पाय सटकला आणि तो तीस हात खाली गेला.

सोमवारी दुपारी वेस ड्यूकेट नावाचा म्हातारा एल्कच्या कातड्यावर एका माणसाला बांधून, ते कातडं बर्फावरून ओढत रस्त्यावर आला. कातड्यावर लायल ब्रेकन होता. डावा पाय मोडलेला, पाऊल काळंनिळं पडलेलं. आणि तो आला होता कोल्ड क्रीकहून नव्हे, तर मधल्या डोंगरधारेच्या पलीकडच्या उतारावरून.

मार्गिट ऑस्टबी ही त्या भागाची शिकार-वॉर्डन. तपास खरं तर शेरीफचा, पण त्याने तो तिच्याकडे दिला. "ही माणसं माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतील, मार्गिट. तुला निदान खोटं तरी नीट सांगतील," तो म्हणाला.

आणखी एक कारण होतं, ते दोघांनीही उच्चारलं नाही. अकरा वर्षं मार्गिट आणि रसेल एकमेकांच्या जोडीने शिकारीला जात होते. डोंगरात तुमच्या पाठीमागे भरलेली बंदूक घेऊन चालणारा माणूस तुम्ही निवडता तेव्हा नवरा-बायको निवडताना करत नाही इतका विचार करता. मार्गिटने तो विचार अकरा वर्षांत दुसऱ्यांदा केला नव्हता.

मंगळवारी सकाळी ती इस्पितळात गेली. डॉक्टरांनी लायलचं पाऊल घोट्यापासून काढलं होतं. त्रेसष्ट वर्षांचा, उभ्या आयुष्यात पूल बांधलेला तो आडदांड माणूस छताकडे बघत पडला होता.

"कोण होतं बरोबर?"

"कुणी नाही. एकटाच होतो."

"तुम्ही? गेल्या तीस वर्षांत एकट्याने शिकारीला गेलात कधी?"

"गेलो या वेळी."

"मग फोन कुणी केला, लायल?"

लायलने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मार्गिटला आधी वाटलं, पायाच्या कळा असतील. दारापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तो रडत होता.

२

बुधवारी ती गेली तेव्हा वेस ड्यूकेट अंगणात लाकडं फोडत होता. वय सासष्ट, आणि दोन दिवसांपूर्वी शंभर किलोचा माणूस त्याने एकट्याने ओढून आणला होता.

"ये, वॉर्डनबाई. परवाना बघायचाय की दात मोजायचेत?"

"लायलला कुठून आणलंस?"

"डोंगरातून."

"वेस."

"ओंजळीतून." त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "आम्ही तिला ओंजळ म्हणतो. धारेच्या पोटात एवढंसं कुरण आहे, तीन बाजूंनी कडे. एल्क तिथे स्वतःच्या पायाने चालत येतात. जमीन सरकारी आहे, तुझ्याइतकीच माझी आणि रस्त्यावरच्या कुठल्याही येड्याची. पण ठाऊक फक्त चौघांना. मी, लायल, नाल ठोकणारी आणि मांस वाहायला खेचर देणारी थीडा मार्श आणि तो औषधवाला, होमर लिंड."

"तुझं आणि लायलचं तर दोन वर्षं बोलणं नाही."

"मी माझ्या पुतण्याला तिथे न्यायचं म्हटलं म्हणून. तीस वर्षांची सोबत, आणि त्या गड्याने मला कुत्र्यासारखा हाकलला. म्हणाला, जागा वाटली की जागा गेली. मग माझ्या जागी त्या होमरला घेतला. गोळ्या मोजणारा माणूस! एल्क समोर आला तर त्याच्याकडे आधी चिठ्ठी मागेल."

"शनिवारी कुठे होतास?"

"पुतण्याकडे, त्याचं छप्पर शाकारायला. विचार त्याला. रविवारी रात्री परत आलो, रेडिओवर बातमी ऐकली. लायलच्या घरी गेलो तर त्याची गाडी दारात आणि माणूस नाही. उजाडताच ओंजळीत गेलो."

"रेडिओवर लायलचं नाव नव्हतं. आणि सांगत होते कोल्ड क्रीक. तू लायलच्या घरी कशाला गेलास?"

वेसने कुऱ्हाड उचलली. "अंदाज केला."

"कशावरून?"

"म्हातारपणावरून," तो म्हणाला आणि पुढचा ओंडका फोडायला लागला.

मार्गिटने पुतण्याला विचारलं. शनिवारी अंधार पडेपर्यंत वेस छपरावरच होता. शेजारच्या दोन घरांनी पाहिलं होतं. म्हणजे फोन वेसचा नव्हता. पण त्याला काहीतरी माहीत होतं, आणि ज्या माणसाने दोन वर्षं त्याला दारात उभं केलं नव्हतं त्याच्यासाठी तो ते गिळून बसला होता.

तिने बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बूट-जाळी पायांना बांधली आणि कातडं ओढत आणल्याच्या खुणेवरून ती वर चढली. शेवटच्या चढावर हात टेकावे लागले. ओंजळीत एल्कचं मांस तीन पिशव्यांत फांदीला टांगलं होतं. कड्याच्या आडोशाला विझलेल्या शेकोटीची राख होती आणि तिच्या एका बाजूला, झोपलेल्या माणसाचा हात पोचेल अशी, करवतीने कापलेल्या लाकडांची जागा होती. खालच्या सालपटांवरून ढिगाचा अंदाज येत होता. एका रात्रीला पुरेल एवढीच लाकडं कुणीतरी नीट रचून ठेवली होती.

सोडून पळून जाणारा माणूस लाकडं रचत नाही. आणि दोन दिवस परत यायचं नाही असं ठरवलेला माणूस एकाच रात्रीची रचत नाही.

म्हणजे तो रविवारी सकाळी परत येणार होता. मग शोधपथकाला त्याने धारेच्या दुसऱ्या बाजूला का पाठवलं?

३

थीडा मार्श एका तट्टाचा खूर मांडीवर घेऊन कानशीने घासत होती. मार्गिटने लायलच्या पायाला बांधलेल्या फळ्यांची दोरी पुढे धरली. इस्पितळातल्या नर्सने ती गाठीसकट जपून ठेवली होती.

"ही गाठ कुणाची?"

"माझी," थीडा सरळ म्हणाली. "खेचरावर ओझं बांधायची गाठ आहे. एका झटक्यात सुटते. पण ही मी बांधलेली नाही. बघ ना, टोक उलटं गेलंय. गेल्या उन्हाळ्यात मी लायलला आणि होमरला शिकवली होती. लायलला जमली. दुसऱ्याचं टोक शेवटपर्यंत उलटंच जायचं."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस." तिने खूर खाली सोडला. "आणि मला अंदाज नव्हता असंही नाही. होमरने रविवारी पहाटे चारला माझं खेचर भाड्याने नेलं. म्हणाला, मांस आणायचंय. दुपारी परत आणलं. खेचराच्या पोटापर्यंत बर्फ थापलेलं, पण पाठीवरच्या कापडावर रक्ताचा थेंब नाही. मी म्हटलं, मांस कुठाय? म्हणाला, वर चढताच आलं नाही. तो उभा थरथरत होता गं. मी त्याला कॉफी दिली. त्याने कप धरला आणि तसाच खाली ठेवला."

"आणि तू गप्प बसलीस."

"तेव्हा रसेल गेला नव्हता. गेल्यावर मला बोलायला हवं होतं." थीडाने मान वर केली नाही. "तुला तोंड दाखवायची लाज वाटली."

मार्गिटने दोरी गुंडाळून खिशात घातली. "खेचर ओंजळीत चढतं?"

"रिकामं चढतं, कोरडी वाट असेल तर. पण मोडक्या पायाचा माणूस पाठीवर घेऊन तो उतार उतरणार नाही. तसा माणूस काढायचा तर एकच वाट. धारेतल्या खिंडीतून पलीकडे, कोल्ड क्रीकच्या वरच्या कुरणात."

मार्गिटने वहीत शब्द लिहिले तेव्हा तिचं पेन कागदात रुतलं. पहाटे खेचर. उजाडल्यावर या. स्ट्रेचर आणा. लायलला खिंडीपलीकडे नेऊन कुरणात ठेवायचं, पथकाने येऊन त्याला तिथून उचलायचं, आणि ओंजळीचं नाव कुणाच्या कानावर जायला नको.

एका कुरणाची जागा लपवायला एवढा खटाटोप.

"थीडा, कोल्ड क्रीकमधला मिठाचा खुंट कुठे आहे?"

"कुठला खुंट? दहा वर्षं दर उन्हाळ्यात मी खेचरं घेऊन त्या कुरणातून जाते. तिथे खुंट-बिंट काही नाही."

४

होमर लिंडच्या दुकानात औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. होमर पन्नाशीचा, सडपातळ, हळू बोलणारा. सहा वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या शहरातून इथे आला होता. लायलने सोबती म्हणून निवडलं त्या दिवशी त्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवून गावभर कॉफी पाजली होती.

"शनिवारी मी एकटाच होतो," तो म्हणाला. "खालच्या जंगलात. काही मिळालं नाही."

"मग रविवारी कसलं मांस आणायला निघालात?"

होमरने हातातली बाटली फळीवर ठेवली. लेबल समोर येईल अशी फिरवली. पुन्हा फिरवली.

"कोल्ड क्रीकमध्ये शिकारीला जाता?" मार्गिटने विचारलं.

"नाही. त्या खोऱ्यात मी कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही. लायलने मला एकच जागा दाखवली."

"मग मिठाचा खुंट तुम्हाला कसा ठाऊक?"

त्याचा चेहरा कागदासारखा झाला. तो दोन्ही हात काउंटरवर टेकवून उभा राहिला आणि मान हलवत राहिला. "मी शब्द दिलाय," तो शेवटी म्हणाला. "मला काही विचारू नका. मी शब्द दिलाय."

मार्गिट बाहेर आली. फोन होमरने केला याची आता तिला खात्री होती. तरी एक गोष्ट बसत नव्हती. ज्याने ते खोरं पाहिलंच नाही, त्याच्या तोंडी एका न दिसणाऱ्या खुंटाचं नाव आलं कुठून?

५

ती स्वतः कोल्ड क्रीकला गेली. वरच्या कुरणात आठ-दहा वर्षांची कोवळी पाइनची झाडं उभी होती. त्यांच्या मधून जुन्या झाडांचे काळे, जळके सांगाडे वर आलेले होते. पथकाच्या पावलांचा बर्फात चिखल झाला होता. पावलं कुरणभर फिरली होती, कडेने फिरली होती, पुन्हा मध्ये आली होती. दोन तास चौदा माणसं एक खुंट शोधत होती. मग एकाची पावलं वेगळी होऊन खाली उताराकडे गेली होती. 'खुंट खाली असेल, मी बघून येतो,' असं रसेल सोबत्यांना म्हणाला होता. हे पथकाच्या टिपणात लिहिलेलं होतं. मार्गिटने ते चार वेळा वाचलं होतं, पण अर्थ आता कळला. नसलेली वस्तू शोधताना तो गेला होता.

त्या पावलांच्या शेवटापर्यंत ती चालत गेली. मग वळली, आणि थेट वेसच्या अंगणात येऊन थांबली.

"मिठाचा खुंट कुठे होता, वेस? होता म्हणतेय मी."

वेसने या वेळी कुऱ्हाड उचलली नाही. ओंडक्यावर बसला.

"कुरणाच्या मधोमध. छातीएवढा उंच. जुने गुराखी त्यावर गुरांसाठी मीठ ठेवायचे. सत्तरच्या आगीत जळून गेला. त्याच साली आम्हाला ओंजळ सापडली. लायल त्यानंतर कोल्ड क्रीकला गेलाच नाही, त्याला गरजच राहिली नाही. त्याने मला हाकलल्यावर मी पुन्हा तिकडे जायला लागलो, तेव्हा बघितलं, खुंट नाही."

"ते नाव कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"आम्हा दोघांना. नाव आम्हीच पाडलं होतं."

"म्हणून रेडिओवर 'मिठाचा खुंट' ऐकताच तू लायलच्या घरी गेलास."

वेसने हातांनी चेहरा चोळला. "बोलणारा कुणीही असो, शब्द त्याचे होते. तीस वर्षं ऐकलेत मी."

६

शुक्रवारी दुपारी इस्पितळाच्या खोलीत तिने होमरला आणि वेसला बोलावून घेतलं. लायल उशीला टेकून बसला होता. कोरीन टिब्स, रसेलची बायको, खिडकीपाशी उभी होती. तिच्या बाह्यांवर अजून पीठ होतं. ती आली ते तिच्या हट्टाने. मार्गिटने नाही म्हटलं होतं, आणि ते तिने ऐकलं नव्हतं.

"तुम्ही एकटे नव्हता, लायल," मार्गिट म्हणाली. "पायाची गाठ होमरची आहे, टोक उलटं आहे. लाकडं एका रात्रीची होती, कारण पहाटे खेचर येणार होतं. तुम्हाला खिंडीतून कोल्ड क्रीकला नेऊन पथकाच्या हाती द्यायचं ठरलं होतं. फोन होमरने केला. पण होमर त्या खोऱ्यात कधी गेलेला नाही, त्याला खुंटाचं नाव माहीत असणं शक्य नाही. थीडा दर वर्षी तिथून जाते, तिला ते नाव ठाऊक नाही. वेसला नाव ठाऊक आहे, पण खुंट बारा वर्षांपूर्वी जळाला हेही ठाऊक आहे. तो माणसांना तिथे पाठवणार नाही. ज्याला नाव आठवतं पण खुंट गेल्याचं माहीत नाही, असा माणूस एकच."

"जळाला?" लायल म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "खुंट जळाला?"

"सत्तर साली," वेस म्हणाला.

लायलने डोळे मिटले. "मीच सांगितलं. होमर म्हणत होता, खरी जागा सांगतो. मी त्याला शपथ घातली. म्हटलं, माझा पाय राहू दे बाजूला, पण तीस माणसं ओंजळीत आणशील तर तुझं तोंड बघणार नाही. शब्द न् शब्द मी पाठ करून घेतला त्याच्याकडून."

"आणि रविवारी?" मार्गिट होमरकडे वळली. "ओंजळीची वाट बर्फाने बंद झाली, तुम्ही मागे फिरलात. तेव्हा खरी जागा का नाही सांगितली?"

"दुकानाबाहेरच्या फोनपाशी गेलो होतो," होमर म्हणाला. "रिसीव्हर हातात घेतला. लायलला काय वाटेल, एवढंच डोक्यात होतं. मला आयुष्यात कुणी असं निवडलं नव्हतं. संध्याकाळी रसेलचं कळलं. मग भीतीच वाटली. मग... मग मी दुकान उघडून बसलो." त्याने कोरीनकडे बघितलं आणि बघवेना म्हणून खाली पाहिलं.

"खोटी खबर दिल्याचा गुन्हा दोघांवर लागेल," मार्गिट म्हणाली. "सांगणाऱ्यावर आणि बोलणाऱ्यावर. न्यायाधीश काय द्यायचं ते देतील. मी एकही शब्द मऊ करून लिहिणार नाही."

"नको करूस," लायल म्हणाला.

कोरीन खिडकीपासून पुढे आली. सगळ्यांना वाटलं ती ओरडेल. होमरने तर डोळेच मिटून घेतले.

"त्या जागेत असं आहे तरी काय?" तिने लायलला विचारलं. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"एल्क येतात," तो म्हणाला. आणि स्वतःचेच शब्द ऐकून तोंडावर हात ठेवला.

"पथकात आता तेरा जण राहिलेत," कोरीन म्हणाली. "पुढच्या हंगामातही कुणीतरी पडेल, आणि ती माणसं जातील. मी त्यांना थांबवू शकत नाही, रसेललाही थांबवू शकले नाही. होमर, तुमचे दोन्ही पाय शाबूत आहेत. कोर्टाचं काय व्हायचं ते होऊ दे, नंतर तुम्ही पथकात यायचं. तुम्ही मला आवडता म्हणून नाही. बर्फात उतरल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, म्हणून. आणि तुम्ही, लायल..." तिने पिशवीतून पथकाचा घडी घातलेला नकाशा काढला. पांघरुणावर उलगडला. "यावर सगळं लिहायचं. तुमची ओंजळ आणि तुम्हाला माहीत असलेली प्रत्येक वाट, खिंड, कातळ, आडोसा. जे कुणाला ठाऊक नाही ते सगळं. नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागेल. ज्याला शिकारीला जायचं तो जाईल. जमीन सगळ्यांची आहे."

लायल नकाशाकडे बघत राहिला. आयुष्याची चाळीस वर्षं, हातभर कागदावर. मार्गिटला वाटलं, तो नाही म्हणणार. मग त्याने हात पुढे केला.

"पेन्सिल दे कुणीतरी."

त्याने पहिली खूण ओंजळीवर केली. ठळक व्हावी म्हणून पुन्हा गिरवली. मग खिंड. मग दक्षिणेकडचा एक ओढा, ज्याचं नाव मार्गिटने वीस वर्षांच्या नोकरीत ऐकलं नव्हतं. तो काढत गेला, कधी थांबून आठवत, कधी भराभर. होमर खुर्ची ओढून नकाशाचं टोक धरून बसला. कोरीनने सगळं होईपर्यंत बसायचं नाही असं ठरवलं असावं. ती उभीच राहिली.

पाऊण तासाने लायलने पेन्सिल खाली ठेवली. "झालं."

वेस इतका वेळ दाराला टेकून होता. तो पलंगापाशी आला, चष्मा लावला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा लायलशी बोलला.

"लबाडा. उत्तरेकडची दरी कुठाय?"

लायलने वर पाहिलं. "ती तुझी आहे. तू शोधलेली."

"मग आण इकडे," वेस म्हणाला आणि पेन्सिल उचलून पलंगाच्या कडेवर बसला.